पडद्यामागची पदवी
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच विषय असतो. पुढं काय? यंदा हा विषय माझ्या बहिणीच्या घरी निघाला, आणि भलत्याच वळणावर गेला. बहीण येलदरीला असते. जिंतूर तालुक्यातलं, पूर्णा नदीवरच्या धरणाचं येलदरी. दाजींची सगळी नोकरी त्या धरणावर झाली, दरवाजांच्या कामावर. आता निवृत्त आहेत. भाची बऱ्या मार्कांनी पास झाली म्हणून मी पेढे घेऊन गेलो होतो. पेढा तोंडात असतानाच ती म्हणाली, "मामा, मला नाटकाचं शिकायचंय."

दाजींनी पेपर खाली ठेवला. "म्हणजे, नटी व्हायचं?"

"नाही बाबा. मला स्टेजवर जायचंच नाही. मागं उभं राहून सगळं नाटक चालवतात ना, ते."

दाजी माझ्याकडं वळले. "पाहुणे, हे तुमच्यामुळं झालं. पडदा ओढायला कधीपासून डिग्री लागायला लागली?"

आरोप अगदीच खोटा नव्हता. मी जिंतूरला शाळेत मास्तर होतो आणि तीस वर्षं हौशी नाटकांच्या मागं, म्हणजे अक्षरशः विंगेत, उभा होतो. सुट्टीत ही पोर यायची तेव्हा तिला मी तालमीला घेऊन जायचो. बाकीची लेकरं भूमिका मागायची. ही माझ्या हातातली वही मागायची.

दाजींना त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. ते द्यावं, आणि अशाच पेचात असलेल्या आणखी काही घरांनाही त्याचा उपयोग व्हावा, म्हणून आज बोलतो आहे.

आधी हे काम काय आहे ते बघू. नाटकाच्या जाहिरातीत लेखक, दिग्दर्शक, नेपथ्यकार, प्रकाशयोजनाकार, संगीतकार अशी नावं असतात. नेपथ्यकार घर कसं दिसावं ते ठरवतो. प्रकाशयोजनाकार उजेड कुठून आणि किती यावा ते ठरवतो. पहिला प्रयोग झाला की ही मंडळी पुढच्या नाटकाच्या मागं लागतात. त्यांनी ठरवलेलं सगळं दुसऱ्या प्रयोगाला, पन्नासाव्या प्रयोगाला, मोठ्या थिएटरात आणि तालुक्याच्या शाळेच्या हॉलमध्ये जसंच्या तसं घडवून आणायचं काम ज्याच्या अंगावर असतं, तो रंगमंच व्यवस्थापक. तालमीच्या पहिल्या दिवसापासून तो दिग्दर्शकाच्या शेजारी बसतो. त्याच्याजवळ संहितेची एक जाड प्रत असते. एका पानावर संवाद, समोरच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेला सगळा संसार. कोण कुठल्या विंगेतून येतो, येताना हातात काय असतं, कुठल्या शब्दावर दिवा मंदावतो, टेलिफोनची घंटा कितव्यांदा वाजल्यावर बंद होते. पेन्सिल अशासाठी, की दिग्दर्शक रोज बदल करतो. प्रयोगाच्या दिवशी हीच प्रत समोर ठेवून तो प्रत्येकाला आधी सावध करतो आणि नेमक्या शब्दाला खूण देतो. आपण त्याला क्यू म्हणतो. तिसरी घंटा झाल्यावर दिग्दर्शकाचंसुद्धा काही चालत नाही. नाटक त्या प्रतीच्या ताब्यात असतं.

हे काम नवं नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रयोगाआधीच्या पूर्वरंगाची अंगं सांगितली आहेत. त्यातलं पहिलं प्रत्याहार, म्हणजे वाद्यं आपापल्या जागी मांडणं. दुसरं अवतरण, म्हणजे गाणारे आपल्या जागी बसणं. स्तुतीच्या आधी मांडामांड! आणि आजही व्यावसायिक मराठी नाटकाच्या जाहिरातीत तळाशी 'सूत्रधार' म्हणून एक नाव असतं. बऱ्याच वाचकांना वाटतं, हा नांदीनंतर येऊन बोलणारा सूत्रधार. तो नव्हे. प्रयोगाच्या तारखा, थिएटर, बस, टेंपो, माणसं, त्यांची नाईट हे सगळं जमवणारा माणूस तो. नाईट म्हणजे एका प्रयोगाचा मेहनताना. नाटकवाल्यांचा खास शब्द आहे.

पडद्यामागची शिस्त काय चीज आहे हे ज्यांनी 'तो मी नव्हेच' पाहिलं त्यांना वेगळं सांगायला नको. १९६२ सालचं अत्र्यांचं नाटक. प्रभाकर पणशीकर एकटे पाच रूपं घ्यायचे आणि रंगमंच फिरता होता. कोर्टाचा देखावा गरकन फिरून दुसऱ्याच गावचं घर समोर यायचं आणि मघाचा लखोबा वेगळ्याच वेशात उभा. प्रेक्षक पणशीकरांना टाळ्या वाजवायचे, आणि त्या त्यांच्याच होत्या. पण अंधारातल्या त्या मोजक्या सेकंदांत कपडे हातात देणारे, मंच फिरवणारे आणि सामान बदलणारे हात एका क्षणानं जरी चुकले असते तर लखोबाचे कपडे राधेश्याम महाराजांच्या अंगावर दिसले असते. 'जाणता राजा' आठवा. १९८५ पासून बाबासाहेब पुरंदऱ्यांनी ते महानाट्य गावोगाव केलं. शेकडो कलाकार, शिवाय घोडे आणि हत्ती. हत्तीला क्यू कसा देत असतील, हा प्रश्न मला ते बघताना कथेपेक्षा जास्त छळत होता.

आता माझीच एक चूक सांगतो. १९९४ सालची गोष्ट. आमच्या हौशी मंडळाचं नाटक होतं. रंगमंचावर दीड फूट उंचीची लेव्हल होती आणि पहिल्या अंकाच्या शेवटी ब्लॅकआऊट. अंधारात लेव्हलची कड दिसावी म्हणून तिच्यावर पांढरी पट्टी चिकटवायची असते. तालमीत मी ती लावली होती. प्रयोगाच्या दिवशी लेव्हल नव्यानं रंगवली, पट्टी रंगाखाली गेली आणि मी ती पुन्हा लावायला विसरलो. मुख्य भूमिका करणाऱ्या बाई अंधारात खाली आल्या. घोटा मोडला. दुसरा अंक त्यांनी खुर्चीत बसून केला. लोकांनी धैर्याचं कौतुक केलं, परीक्षकांनीही केलं. मला कुणी एक शब्द बोललं नाही, कारण ते काम नेमकं कुणाचं होतं हेच कुणाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. बाई पुढं दोन महिने प्लास्टर घालून घरी होत्या आणि मी दर रविवारी त्यांच्या घरी जाऊन अपराध्यासारखा चहा पीत होतो.

ती पट्टी लावायची असते हे मला कुणी शिकवलं नव्हतं. एका व्यावसायिक नाटकाच्या दौऱ्यात पाहिलं होतं एवढंच. ज्यानं शिकून घेतलेलं असतं, त्याच्याकडं प्रयोगाआधी तपासायची यादी असते आणि रंग दिल्यावर ती पुन्हा पहिल्यापासून तपासायची हे त्याच्या हाडात मुरलेलं असतं. दाजींच्या प्रश्नाला माझं पहिलं उत्तर हे आहे. पडदा ओढायला डिग्री लागत नाही. पण पडद्यामागं अंधारात तीस माणसं असतात, डोक्यावर लोखंडी बारला टांगलेले तापलेले दिवे असतात, पायाखाली वायरी असतात. त्यांची जबाबदारी घ्यायला शिक्षण लागतं.

ते शिक्षण कॉलेजातच मिळतं असं मात्र नाही. तमाशाच्या फडात पन्नास-साठ माणसं, तंबू, जनरेटर आणि ट्रक घेऊन रोज नव्या गावात रात्री उभं राहायचं, हे व्यवस्थापन कुठल्याही विद्यापीठाला लाजवील असं आहे. चैत्रात नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी सुपाऱ्या द्यायला येतात, तिथं एकदा उभं राहून बघावं. तिकडं पूर्व विदर्भात वडसा हे झाडीपट्टीचं केंद्र. दिवाळीनंतर तिथल्या कंपन्या धानाच्या बांध्यांत मंडप टाकून रात्रभर नाटक करतात. तिथली माणसं करून शिकली. फरक इतकाच की करून शिकताना एखाद्या बाईंचा घोटा मोडतो, आणि शिकलेलं बहुधा त्या एका माणसापाशीच राहतं.

मग पदवी कुठं घ्यायची? सरळच सांगतो. रंगमंच व्यवस्थापनाची म्हणून पदवी परदेशात मिळते. लंडनच्या राडामध्ये आहे, अमेरिकेत कार्नेगी मेलनसारख्या विद्यापीठांत आहे. त्या देशात व्यवस्थापक आणि नट एकाच संघटनेचे सभासद असतात, यावरून तिथला त्याचा मान कळावा. आपल्याकडं हा विषय नाट्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात एक भाग म्हणून शिकवतात. मराठवाड्यातल्या मुलांना सगळ्यात जवळचं म्हणजे छत्रपती संभाजीनगरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचं ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. पुण्याला विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून आहे. सतीश आळेकरांनी बरीच वर्षं ते सांभाळलं. बारावीनंतर तिथं बी.ए. करता येतं. मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्सची अकादमी २००३ ची, पण तिथलं शिक्षण पदवीनंतरचं.

आणि दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय. १९५९ साली सुरू झालं. इथं एक मोठा गैरसमज आहे. बारावीनंतर तिथं जाता येत नाही. कुठल्याही शाखेची पदवी लागते आणि किमान सहा नाटकांत सहभाग असल्याचा पुरावा लागतो. तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे, दरमहा शिष्यवृत्ती मिळते. पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं, मग अभिनय, दिग्दर्शन किंवा रंगतंत्र आणि आकल्प यांतलं एक. ती पदविका एम.ए.च्या बरोबरीची धरतात. म्हणजे ज्याला दिल्लीला जायचं आहे त्यानं पदवीची तीन वर्षं सहा नाटकं गाठीशी बांधण्यासाठीही वापरायची. नव्या शैक्षणिक धोरणानंतर तीन वर्षांवर थांबायचं की चौथं वर्ष करायचं हाही प्रश्न असतो. तो आत्ताच सोडवायची गरज नाही.

कॉलेज निवडताना बहुतेक पालक माहितीपुस्तक बघतात. माहितीपुस्तकात सगळ्यांचाच रंगमंच सुंदर असतो. मी भाचीला म्हटलं, एकच गोष्ट विचार. तुमच्याकडं पडद्यामागचं काम कुणाला देतात? कित्येक ठिकाणी, हौशी मंडळांत तर हमखास, ज्याला भूमिका मिळाली नाही त्याला बॅकस्टेजला टाकतात. समजूत काढायची पद्धत ती. जिथं असं चालतं तिथं हा विषय पेपरात कितीही गुणांचा असो, शिकायला मिळत नाही. जिथं अभिनयाच्या विद्यार्थ्यालाही एका नाटकात वही धरावी लागते, आणि वही धरणाऱ्यानं "थांबा" म्हटलं की दिग्दर्शक करणारे सरसुद्धा थांबतात, ती जागा बरी. मग वर्षाला पूर्ण लांबीची नाटकं किती होतात, स्वतःचं नाट्यगृह आहे का, दिव्यांच्या बोर्डाला विद्यार्थ्यांना हात लावू देतात की ठेकेदाराचा माणूस येतो, हे ओघानं विचारता येतं. मुलीच्या बाबतीत आणखी एक. तालमी रात्री दहा-अकरापर्यंत चालतात. हॉस्टेल कुठं आहे आणि रात्री तिथं पोचवायची सोय काय, हे विचारायला लाजू नये. पडद्यामागं बायका अजून कमी दिसतात, त्याला हे एक कारण आहे.

आणि इव्हेंट मॅनेजमेंटच्या पदविकेला रंगमंच व्यवस्थापन समजू नका. लग्नाचा स्टेज आणि कंपनीचा सोहळा उभारणं हेही कष्टाचं काम आहे, पैसे बहुधा जास्त आहेत. पण त्यात संहिता नसते, तालीम नसते. नाटक शिकलेला माणूस ते काम करू शकतो. उलट सहसा होत नाही.

नोकरीचं काय, हा दाजींचा दुसरा प्रश्न. इथं मी गोड बोलणार नाही. कायमची नोकरी फार थोड्यांना मिळते. नाट्यसंस्था, महोत्सव, मोठ्या शहरांतली सांस्कृतिक केंद्रं, मालिका आणि ओटीटीची चित्रीकरणं, शाळा-कॉलेजातलं नाट्यशिक्षण अशा वाटा आहेत. पण मराठी नाटकात एक अडचण आहे. पुस्तकात व्यवस्थापकाचं जे एक पद असतं, ते आपल्याकडं तुकडे होऊन विखुरलेलं असतं. क्यू दिवेवाला स्वतःच बघून घेतो, संगीतवाला स्वतःचं बघतो, सामान एकजण बघतो आणि व्यवस्थापक तारखा आणि बस बघतो. शिकून आलेल्या मुलीला आधी या तुकड्यांतला एखादा तुकडाच मिळेल. शिवाय सगळं नाईटवर. प्रयोग नाही तर पैसा नाही. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली. मधे काही महिने निम्म्या खुर्च्यांवर उघडली, पुन्हा बंद झाली, ती २२ ऑक्टोबर २०२१ ला उघडली. त्या काळात नावाजलेले नट कसेबसे तरले. पडद्यामागच्या किती माणसांनी भाजीची गाडी लावली, ते त्यांनाच माहीत. आणि राज्य नाट्य स्पर्धेचे निकाल मी इतकी वर्षं ऐकतो. दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा, अभिनयाची रौप्यपदकं. रंगमंच व्यवस्थेचं बक्षीस जाहीर झालेलं मी ऐकलेलं नाही.

हे सगळं मी भाचीसमोरच दाजींना सांगितलं. बहिणीला वाटलं, झालं, पोरगी आता बी.एस्सी. करणार. दाजी काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "पाहुणे, एकदा दाखवा तरी."

म्हणून आम्ही तिघं एका विद्यापीठाच्या नाट्य विभागात विद्यार्थ्यांची रंगीत तालीम बघायला गेलो. मास्तरकीच्या ओळखीवर विंगेत उभं राहायला मिळालं. कोपऱ्यात एका उंच स्टुलावर विशीतली एक मुलगी बसली होती. कानाला हेडफोन, समोर जाड प्रत, टॉर्चला निळा कागद लावलेला. ती हळू आवाजात बोलत होती. "सत्तावीस, तयार. सत्तावीस, जा." आणि तिकडं पहाट होत होती. एकदा तिनं हात वर केला आणि सगळं थांबलं. वरचा एक दिवा सैल दिसला होता. माणूस शिडीवर चढला, दिवा कसला, साखळी तपासली, खाली आला. तिनं वहीत वेळ लिहिली आणि तालीम पुढं सुरू झाली.

मध्यंतरात दाजींनी तिला गाठलं. "बाळा, तो दिवा तर कसला. मग ते वहीत कशाला लिहिलं?"

ती म्हणाली, "काका, उद्या मी आजारी पडले तर दुसऱ्या कुणालातरी प्रयोग चालवता आला पाहिजे ना. त्याला कळायला हवं, कुठला दिवा सैल होतो ते."

परतीच्या एस.टी.त दाजी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग एकदम बोलायला लागले. पावसाळ्यात धरण भरत आलं की रात्रपाळीला काय चालायचं ते. वरून आदेश येतो. आधी खालच्या गावांना इशारा, मग भोंगा. भोंग्याशिवाय दरवाजाला हात लावायचा नाही, कोणी का सांगेना. मग कितवा दरवाजा, किती फूट उचलला, किती वाजता, सगळं लॉगबुकात. खाली सिद्धेश्वरच्या धरणावरचा माणूस त्या आकड्यांची वाट बघत बसलेला असतो. पाळी बदलताना दुसरा माणूस येऊन ते वाचून सही करणार, तेव्हा आपण घरी जायचं. "चौतीस वर्षं हेच केलं," म्हणाले. "पाणी सोडल्याची बातमी पेपरात यायची. दरवाजे कोणी उचलले ते कधी आलं नाही."

भाची मागच्या सीटवर झोपली होती. दाजींनी तिच्याकडं एकदा वळून बघितलं आणि मला विचारलं, "ते हॉस्टेलचं गेट रात्री किती वाजता बंद होतं हो?"

प्रवेश परीक्षा पुढच्या रविवारी आहे. दाजी बरोबर जाणार आहेत. मी तिला पेन्सिली दिल्या. दाजींनी कपाटातून नोकरीतला जुना टॉर्च काढून नवे सेल घातले आणि बहिणीला म्हणाले, निळा कागद कुठं मिळतो बघ.